लिफ्टचे धुराडे होते तेव्हा

लिफ्टच्या दारापाशी एक पाटी हमखास असते : ‘आगीच्या वेळी लिफ्टचा वापर करू नये.’ आपण ती वाचतो आणि विसरतो. वर्गात मुलांना विचारून पाहा, का बरे वापरू नये? उत्तरे ठरलेली येतात. कोणी म्हणते, ‘वीज जाईल आणि माणूस अडकेल.’ कोणी म्हणते, ‘दोर जळून लिफ्ट खाली कोसळेल.’ पहिले उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. दुसरे बहुतांशी चुकीचे आहे. सर्वांत महत्त्वाचे तिसरे उत्तर मात्र क्वचितच येते. या लेखात आपण ते शोधणार आहोत.

हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या गगनचुंबी इमारतींचा, आपला नव्हे, असे धाराशिव जिल्ह्यातल्या वाचकाला वाटू शकेल. पण आपल्याच बाजारपेठांकडे नीट पाहा. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब या गावांत तळमजल्यावर दुकाने, वर दवाखाने, शिकवणीवर्ग, पतसंस्था आणि लॉज अशा तीन-चार मजली इमारती आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. त्यांतल्या अनेकांत लिफ्ट आहे. नवरात्रात तुळजापूरला येणारा यात्रेकरू अनोळखी लॉजमध्ये एक रात्र राहतो. जिना कोठे आहे हे त्याला ठाऊक नसते, लिफ्ट मात्र समोरच दिसते. प्रश्न आपलाही आहे, तो असा.

दोर तुटण्याची भीती

आधी दोराची भीती दूर करू. १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस हा कारागीर उंच फळीवर उभा राहिला आणि त्याने ती फळी तोलून धरणारा दोर लोकांदेखत कापायला लावला. फळी जराशी घसरली आणि थांबली. दोराचा ताण जाताच स्प्रिंगच्या जोराने बाजूच्या दातेरी पट्ट्यांत अडकणारी पकड त्याने बसवली होती. आजच्या लिफ्टला एकाऐवजी अनेक पोलादी दोर असतात, आणि वेग मर्यादेबाहेर गेला की रुळांना घट्ट धरणारी पकड असतेच. लिफ्ट कोसळून माणसे दगावण्याचा धोका यामुळे फार कमी झाला. आगीतला धोका वेगळा आहे. तो लिफ्टच्या पेटीपेक्षा ती पेटी ज्या पोकळीतून वर-खाली जाते त्या पोकळीत आहे.

कूपक म्हणजे उभे धुराडे

तळमजल्यापासून शेवटच्या मजल्यापर्यंत सलग गेलेल्या या उभ्या पोकळीला आपण कूपक म्हणू. विहिरीसारखीच ती, फक्त जमिनीवर उभी केलेली. इमारतीत प्रत्येक मजल्याला स्लॅबचे झाकण असते. कूपक हे त्या सर्व झाकणांना आरपार पाडलेले भोक आहे.

भूम परिसरातली खव्याची भट्टी ज्याने पाहिली आहे त्याला धुराड्याचे काम ठाऊक असते. ढोकीच्या साखर कारखान्याचे धुराडे तर दुरूनच दिसते. धुराडे धूर ओढते असे आपण म्हणतो, पण ओढणारे यंत्र त्यात नसते. आतली हवा तापून विरळ आणि हलकी होते. बाहेरची थंड, जड हवा खालून आत शिरते आणि हलकी हवा वर ढकलली जाते. धुराडे जितके उंच आणि आतली हवा जितकी गरम, तितका हा ढकल मोठा.

तळमजल्यावर आग लागली आणि धूर लिफ्टच्या दारातून कूपकात शिरला, की कूपक नेमके हेच काम करू लागते. फरक एवढाच की भट्टीच्या धुराड्याचे तोंड आकाशात उघडते. कूपकाची तोंडे प्रत्येक मजल्यावर, माणसांच्या समोर उघडतात.

थोडे गणित

चार मजली इमारतीला हे लागू पडत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी हिशेब करून पाहू. नववी-दहावीपुढचे विद्यार्थी तो सहज करू शकतील.

कूपकाची उंची १२ मीटर धरू. बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस आहे. तिची घनता घनमीटरला सुमारे १.१६ किलोग्रॅम. कूपकातला धूर १०० अंशांपर्यंत तापला आहे असे समजू. आगीच्या मानाने हे तापमान फार नाही. या तापमानाला हवेची घनता सुमारे ०.९५ किलोग्रॅम होते. फरक ०.२१. याला गुरुत्वत्वरण ९.८ आणि उंची १२ यांनी गुणले की दाबातला फरक मिळतो : सुमारे २५ पास्कल.

२५ पास्कल म्हणजे अडीच मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब. अगदी क्षुल्लक! पण धुराला एवढा पुरतो. हा फरक साधारण अर्धा तळाशी आणि अर्धा माथ्याशी वाटला जातो. तळाशी हवा आत खेचली जाते, माथ्याशी धूर बाहेर ढकलला जातो आणि मधे कोठेतरी आतला व बाहेरचा दाब सारखा असतो. त्या पातळीला तटस्थ पातळी म्हणतात.

आता वरच्या मजल्यावरचे लिफ्टचे दार पाहा. ते बंद आहे. पण २ मीटर उंच आणि ८० सेंटिमीटर रुंद दाराच्या चारही बाजूंना ५ मिलिमीटरची फट असेल, तर त्या फटींचे मिळून क्षेत्रफळ २८० चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे बंद दारातही साधारण १७ सेंटिमीटर बाजूचे चौकोनी भोक आहे! सुमारे १२ पास्कलच्या दाबाने या फटींतून धूर सेकंदाला पाच मीटरच्या आसपास वेगाने बाहेर येईल. फटीतून जाताना प्रवाह आक्रसतो, तो हिशेबात धरला तरी मिनिटाला साधारण साडेपाच घनमीटर धूर बाहेर पडेल. लिफ्टसमोरची जागा ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच असेल, तर तिचे घनफळ २७ घनमीटर. ती पाच मिनिटांत धुराने भरून जाईल.

हा ढोबळ अंदाज आहे. प्रत्यक्षात वारा, उघड्या खिडक्या, आगीचा जोर यांनी आकडे बदलतील. पण एक गोष्ट बदलत नाही. तटस्थ पातळीच्या खालच्या मजल्यांवर धूर उशिरा पोचतो, वरच्या मजल्यांवर लवकर. तळाला आग लागली असताना पहिल्या मजल्यावरचे लोक ‘अजून काही नाही’ म्हणत असतात आणि तिसऱ्या मजल्यावरचे गुदमरू लागलेले असतात.

घडून गेलेल्या आगी हेच सांगतात. १९८० साली अमेरिकेत लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलला आग लागली ती खालच्या जुगारघराच्या मजल्यावर. मृत्यू ८५; त्यांतले बहुसंख्य ज्वाळांपासून दूर, वरच्या मजल्यांवरचे. लिफ्टचे कूपक आणि जिन्यांच्या पोकळ्या हे धुराचे मुख्य मार्ग होते. मुंबईत गोरेगावला ६ ऑक्टोबर २०२३च्या पहाटे एका रहिवासी इमारतीच्या तळमजल्यावर, उभ्या वाहनांच्या जागी आग भडकली. वरच्या मजल्यांवरची माणसे धुराने गुदमरून दगावली. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. जाळापासून पळता येते; हा वायू दिसत नाही आणि त्याला वासही नाही.

पेटीत असलेल्या माणसाचे काय?

आता मुलांच्या पहिल्या उत्तराकडे वळू. आगीत वायरिंग जळते किंवा कोणी मुख्य स्विच बंद करते, आणि पेटी दोन मजल्यांच्या मधे अडकते. अडकते ती कोठे? त्याच धुराड्याच्या पोटात. आग विझवण्यासाठी मारलेले पाणी कूपकात उतरले तर विजेच्या जोडण्या बिघडतात. दारात माणूस आहे का हे प्रकाशकिरणाने ओळखणारी यंत्रणा दाट धुरालाच माणूस समजू शकते. मग दार मिटत नाही आणि लिफ्ट त्या मजल्यावरून हलत नाही. काही कमी उंचीच्या इमारतींत तेलाच्या दाबावर चालणारी लिफ्ट असते. तिच्या तेलाची टाकी हेही जळणच.

वीज गेल्यावर बॅटरीच्या जोरावर पेटीला जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारे साधन आता पुष्कळ लिफ्टना बसवतात. वारंवार वीज जाणाऱ्या आपल्या भागात ते फार उपयोगाचे आहे. पण त्यामुळे लिफ्ट आगीतही सुरक्षित झाली असे मानणे घातक ठरेल. हे साधन जवळचा मजला शोधते. तो मजला पेटलेला आहे की नाही, हे त्याला कळत नाही.

प्रशिक्षित माणसांवरही हा प्रसंग येतो. ८ मार्च २०२१ रोजी कोलकात्यात पूर्व रेल्वेच्या नवीन कोयलाघाट इमारतीत तेराव्या मजल्यावर आग लागली. नऊ जण मृत्युमुखी पडले, त्यांत अग्निशमन दलाचे चार जवान होते. अनेकांचे मृतदेह लिफ्टमध्ये सापडले.

संहिता काय सांगते?

भारतीय मानक ब्यूरोने तयार केलेली राष्ट्रीय इमारत संहिता १९७० साली प्रथम निघाली. १९८३, २००५ आणि २०१६ साली तिच्या सुधारित आवृत्त्या आल्या. संहिता हा स्वतः कायदा नव्हे. राज्याचे कायदे आणि नियमावल्या तिचा आधार घेतात तेव्हा ती बंधनकारक होते. लिफ्टबाबत २००५च्या आवृत्तीत आलेली यादी आपण वर पाहिलेल्या विज्ञानाशी ताडून पाहण्यासारखी आहे.

कूपकाच्या भिंती दोन तास आग सोसणाऱ्या हव्यात आणि मजल्यावरची दारे किमान एक तास. घडी होणारे जाळीचे दार चालणार नाही, दार भरीव हवे. कारण उघड आहे : जाळीला फट नसते, ती सगळी फटच असते.

कूपकाच्या माथ्याशी किमान ०.२ चौरस मीटरचा झरोका हवा. धूर अडवायचा तर वर भोक कशासाठी, असे वाटेल. पण माथा मोकळा असला की धुराला आकाशाकडे वाट मिळते, तटस्थ पातळी वर सरकते आणि मजल्यांवर येणारा धूर कमी होतो. खव्याच्या भट्टीचे धुराडे वरून बंद केले तर धूर भट्टीच्या तोंडातून खोलीत येतो, तेच तत्त्व येथे उलटे वापरले आहे.

लिफ्ट इमारतीच्या गाभ्यात असेल, तर लिफ्टसमोरच्या जागेत २५ ते ३० पास्कल आणि कूपकात ५० पास्कल जादा दाब पंख्याने राखावा असेही संहिता सांगते. हे आकडे आता ओळखीचे वाटतात ना? आपल्या हिशेबातला धुराचा ढकल २५ पास्कलच्या घरातलाच होता. धूर ढकलतो त्याहून जोरात आपण स्वच्छ हवा उलट ढकलायची, एवढाच त्याचा अर्थ.

लिफ्टसमोरच्या फरशीला असा उतार हवा की विझवण्याचे पाणी कूपकात जाऊ नये. तळमजल्यावर असा स्विच हवा की तो दाबताच लिफ्ट इतर सर्व मागण्या सोडून खाली यावी. आणि प्रत्येक मजल्यावर आपली ती पाटी हवी.

या सर्वांपेक्षा बोलके एक वाक्य संहितेत आहे. इमारतीतून बाहेर पडण्याचे मार्ग मोजताना लिफ्ट आणि सरकता जिना मोजायचे नाहीत. म्हणजे एक जिना आणि दोन लिफ्ट असलेल्या इमारतीला सुटकेचे मार्ग किती? तीन नव्हे, एकच.

पंधरा मीटरची रेषा

आता कळीचा मुद्दा. संहितेच्या व्याख्येप्रमाणे १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत ती उंच इमारत. अग्निशामकांसाठीची खास लिफ्ट, दाबाचे पंखे अशा गोष्टींचा आग्रह मुख्यतः तिच्यासाठी आहे. आपल्या गावांतली तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत १३-१४ मीटरवर, या रेषेच्या जराशी खाली थांबते. मग बांधणारा, वापरणारा, सगळेच समजतात की आपल्याला काही लागू नाही.

ही समजूत दोन प्रकारे चुकीची आहे. एक तर रेषा एकच नाही. २०१६च्या संहितेत ‘विशेष इमारती’ असा गट आहे. कोणत्याही मजल्याचे क्षेत्रफळ ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असलेली हॉटेले, कार्यालये, दुकानांच्या इमारती आणि मिश्र वापराच्या इमारती उंची कितीही असली तरी त्यात येतात. आणि शिक्षकांनी ध्यानात ठेवावे असे कलम म्हणजे, शैक्षणिक इमारत ९ मीटर उंच झाली की ती या गटात येते. दोन मजली शाळेवर तिसरा मजला चढवला की आपण या रेषेशी पोचतो.

दुसरे म्हणजे, रेषा माणसाने कागदावर आखली आहे. धूर ती वाचत नाही. आपण केलेला हिशेब १२ मीटरचाच होता. उलट लहान इमारतीत एक अडचण जास्त असते. तेथे बहुधा एकच जिना असतो, तो लिफ्टला लागून किंवा तिच्याभोवती वळलेला असतो, आणि दोहोंच्या मधे दार नसते. कूपकात धूर भरला की जिन्यातही भरतो. त्यातच जिन्याखाली विजेचे मीटर, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, दुकानातले रिकामे खोके आणि दुचाक्या. म्हणजे धुराड्याच्या तळाशी सरपण रचून ठेवण्याचाच प्रकार.

महाराष्ट्रात लिफ्ट बसवायला आणि चालवायला परवाना लागतो. त्यासाठीचा पहिला कायदा १९३९चा आणि नवा २०१७चा. आगीसाठी महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आहे. तो लागू असलेल्या इमारतीच्या मालकाने किंवा वापरणाऱ्याने आगीची साधने चालू स्थितीत असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, सादर करायचा असतो. ज्या इमारतीत आपली मुले शिकवणीला जातात तेथे हा दाखला आहे का, हे विचारण्यात काही गैर नाही.

जिना उतरता येत नाही त्यांचे काय?

‘लिफ्ट वापरू नका, जिन्याने उतरा’ हे सांगणे सोपे आहे. पण चाकाच्या खुर्चीवरचा विद्यार्थी, गुडघे दुखणारी आजी, दुसऱ्या मजल्यावरच्या दवाखान्यात सलाइन लावलेला रुग्ण यांनी काय करावे? लिफ्ट बसवली ती त्यांच्यासाठी, आणि ऐन संकटात ती त्यांनाच नाकारायची, हा पेच खरा आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर इमारती सर्वांना सुगम करण्याकडे लक्ष वळले आहे, हे चांगलेच. पण आत जाण्याची सोय करताना बाहेर पडण्याची सोयही बघितली पाहिजे.

छोट्या इमारतीतही काही गोष्टी जमण्यासारख्या आहेत. जिना आणि मजला यांच्यामध्ये आपोआप मिटणारे, आग सोसणारे दार असेल, तर त्या दारामागचा जिन्याचा टप्पा मदत येईपर्यंत थांबण्याची जागा होतो. कोणी कोणाला उतरवायचे हे आधी ठरवता येते. स्काउट-गाइडच्या मुलांना चार हातांची बैठक माहीत असते. दोन मुले तिसऱ्याला त्यावर बसवून उचलतात. जिन्यावरून उतरण्याचा सराव मोठ्यांच्या देखरेखीखाली करून घ्यावा. आणि सर्वांत सोपा उपाय : ज्या वर्गात असा विद्यार्थी आहे तो वर्ग तळमजल्यावर भरवावा.

शाळेत करून पाहा

धुराडे प्रत्यक्ष दाखवण्यासाठी पत्र्याचा एक चौकोनी डबा घ्या. त्याच्या झाकणाला दोन भोके पाडून त्यांवर कंदिलाच्या दोन काचा उभ्या करा. एका काचेखाली डब्यात जळती मेणबत्ती ठेवून झाकण लावा. दुसऱ्या काचेच्या तोंडाशी जळती उदबत्ती धरा. उदबत्तीचा धूर वर न जाता खाली ओढला जातो आणि मेणबत्तीवरच्या काचेतून बाहेर पडतो. आता त्या काचेचे तोंड पत्र्याच्या तुकड्याने झाका. प्रवाह थांबतो. कशामुळे, हे मुलांनाच सांगू द्या. प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा आणि पाण्याची बादली जवळ ठेवावी.

दुसरा उपक्रम गावातला. एक मीटरची काठी उन्हात उभी करून तिची सावली मोजा, त्याच वेळी इमारतीची सावली मोजा. इमारतीच्या सावलीला काठीच्या सावलीने भागले की उंची मीटरमध्ये मिळते. ती १५ मीटरच्या वर आहे की खाली? शाळा असेल तर ९ मीटरच्या? मग मालकांची परवानगी घेऊन पाहा : लिफ्टचे दार भरीव आहे की जाळीचे? जिना लिफ्टपासून वेगळा आहे का? पाटी आहे का? जिन्याखाली काय ठेवले आहे? वही भरली की ती संबंधितांना नम्रपणे दाखवा.

यासाठी दिवसही नेमका आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टिकाइन’ या बोटीवर स्फोट झाले आणि आग विझवताना अग्निशमन दलाच्या अनेक जवानांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळतात.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपाने किल्लारी, सास्तूर आणि परिसरातली गावे उद्ध्वस्त केली. जमीन हलली, पण बहुतेक माणसे दगावली ती दगडमातीच्या जड भिंतींखाली. तेव्हापासून ‘घर भूकंपात टिकेल का?’ हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात कोणीही सहज विचारतो. तो विचारायला इंजिनिअर असावे लागत नाही. आगीतही माणसाचा घात पुष्कळदा जाळाआधी इमारतच करते. म्हणून ‘या इमारतीत धूर कोठून चढेल?’ हा प्रश्नही आपल्या मुलांच्या तोंडी तितक्याच सहज यायला हवा.